माळवदावरची माती, घाटावरच्या झडी

वैशाख संपत आला की करकंबच्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीला शिडी लागायची. आज्जी अंगणात उभी राहून वर चढणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायची, "पनाळी मोकळ्या हायत का बघ आधी." माती किती लागेल, माणसे किती लावायची, हे सगळे त्यानंतर. वर्षभरात त्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, शेवया-कुरडया वाळलेल्या असत, उन्हाळ्याच्या रात्री सगळे घर तिथे झोपलेले असे, मागच्या पावसात उगवलेले गवत वाळून उभे असे. ते गवत कापायचे नाही, मुळासकट उपटायचे. मूळ आत राहिले तर ते कुजते आणि त्याच्या जागी बारीक नळी उरते. श्रावणात त्याच नळीतून पाणी खाली उतरते, थेट आज्जीच्या कणगीवर. मग उंदरांची बिळे शोधायची, मुंग्यांची वारुळे खरवडायची, भेगा वाळल्या कोरड्या मातीने भरून काढायच्या आणि मगच नवी पांढरी पसरून, पाणी शिंपडून ती चोपायची. मृग लागायच्या आत हे सगळे व्हायलाच हवे, कारण मृगाच्याही आधी वळीव येतो आणि तो कोणाला विचारून येत नाही.

हे पुस्तक त्या शिडीपासून सुरू झाले. माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा शिडीची गरज संपली, असे आम्हा सगळ्यांना वाटले होते. स्लॅब गळायला लागला त्या वर्षी लक्षात आले, की घरात माती चोपणारे कोणी राहिले नव्हते आणि पाणी कुठून शिरते हे ओळखणारेही कोणी राहिले नव्हते. आज्जीचा पहिला प्रश्न मात्र तसाच लागू होता. स्लॅबवरच्या प्लॅस्टिकच्या पाइपात कबुतराचे घरटे आणि लिंबाचा पाला अडकला होता आणि वर टाचभर पाणी साचले होते.

कडक हंगामासाठी घर सज्ज करणे हा विषय जगात बहुतेक ठिकाणी हिवाळ्याचा मानला जातो. लडाखमध्ये सुगी झाली की घराच्या सपाट छतावर चारा आणि शेणकुटे रचतात, खालचा मजला जनावरांसाठी राखतात आणि बर्फ पडले की फावडे घेऊन छतावर चढतात. जपानातील शिराकावा-गो येथे गवती छपरे नमस्काराच्या हातांसारखी उभट असतात, म्हणजे बर्फ त्यांच्यावर टिकत नाही. ती शाकारायला सगळे गाव येते. या परस्परश्रमाला ते 'युई' म्हणतात. आपण सावड म्हणतो, इर्जिक म्हणतो. १९९५ मध्ये ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. आमच्या सावडीचे नाव कुठल्याही यादीत नाही.

महाराष्ट्रात घराला भिडणारा खरा ऋतू पावसाळा. थंडी आपल्याला शेकोटी, हुरडा आणि घोंगडीवर भागवता येते. पाऊस भिंतीच्या पायाशी, छपराच्या सांध्यात, धान्याच्या कणगीत आणि चुलीच्या सरपणात एकाच वेळी शिरतो. म्हणून घराची तयारी आपल्याकडे मृगाच्या अलीकडे होते. कोकणात या हंगामाला आगोट म्हणतात. देशावर आम्ही नुसते 'पावसाच्या आतली कामं' म्हणतो. नाव साधे असले तरी त्यात ठेकेदारापेक्षा कडक मुदत आहे.

नव्या वाचकाने या विषयात शिरताना एक तुलना मनाशी धरावी. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस पडला. सोलापूर जिल्ह्यात सबंध वर्षात सरासरीने जेवढा पडतो, तेवढा तिथे एका दिवसात. अंतर मोजले तर पंढरपूरहून महाबळेश्वर एका दिवसाच्या प्रवासात येते, भाषा एकच, देव एकच, पण पाण्याला द्यायचे उत्तर पूर्ण वेगळे. घाटावर पाणी क्षणभरही छपरावर थांबता कामा नये. आमच्याकडे ते छपरावर हळूहळू चालत जाऊन पन्हाळीतून भिंतीपासून दूर पडले पाहिजे. मराठी मुलखातील घरे पाहायची तर ती कशाची बांधली आहेत, या प्रश्नाआधी ती कोणत्या पाण्याला उत्तर देत आहेत, हे विचारावे असे मला वाटते. या पुस्तकाची रचनाही त्याच प्रश्नावर केली आहे.

आमच्यापासून सुरुवात करतो. करकंब पंढरपूरच्या उत्तरेला, टेंभुर्णीच्या रस्त्यावरचे गाव. पूर्वीचा हा रब्बी ज्वारीचा, कोरडवाहू मुलूख. उजनीचे पाणी आले आणि ऊस, द्राक्षे वाढली. पाऊस कमी आणि तोही समान वाटून पडत नाही. जून-जुलै अनेकदा कोरडे जातात आणि भाद्रपद-अश्विनात, उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत, परतीचा पाऊस दोन दिवसांत हिशेब पुरा करतो. अशा प्रदेशात उतरते कौलारू छप्पर करण्यापेक्षा माळवद शहाणपणाचे होते. लांब सरळ लाकूड या भागात फारसे मिळत नाही आणि उन्हाचा तडाखा आठ महिने असतो. मातीचे जाड छत दुपारी थंड आणि पौषातल्या रात्री उबदार राहते.

माळवदाची घडण थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढे तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर आडव्या किलचा. किलचांवर निरगुडीचा किंवा लिंबाचा पाला, काही ठिकाणी तुराट्या. त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घराचा आकार आमच्याकडे फुटांत सांगत नसत, 'पाच खणांचं घर' म्हणत. छताला अगदी थोडा ढाळ असतो, डोळ्याला न दिसणारा. पाण्याला मात्र तो दिसतो. ढाळाच्या टोकाला दगडाची, लाकडाची किंवा पत्र्याची पन्हाळ, भिंतीपासून हातभर पुढे आलेली. दहा फूट लांब-रुंद खोलीच्या छतावर दोन इंच पाऊस झाला तर साडेचारशे लिटरांहून अधिक पाणी जमते. ते एका पन्हाळीतून जायचे असते. पन्हाळ तुंबली तर त्या पाण्याचे वजन छतावर आणि ओल भिंतीत. आज्जीचा पहिला प्रश्न का पहिला होता, हे मला हा हिशेब केला तेव्हा कळले.

वरची माती पांढरीच का, हाही प्रश्न नव्या वाचकाला पडावा. गावाच्या रचनेत शेत म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तिचे छत एका उन्हाळ्यात चाळणी होईल. पांढरी माती म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीची राख, पडलेल्या भिंती, चुना आणि क्षार यांची मिसळ. ती तशी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते आणि खारेपणामुळे गवतही तिच्यात बेताने उगवते. म्हणून गावोगावच्या गढ्या आणि पांढरीची टेकाडे खणून माती माळवदावर चढली. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथली टेकाडे अशा उकरण्यांनी झिजली आणि त्यातून निघालेले मणी, मृण्मूर्ती आणि नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवली, त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेथे आहे. सातवाहनांच्या काळातील घरांची राख विसाव्या शतकातील घरांवरचा पाऊस अडवत होती, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

घाटावर गेले की शब्दसुद्धा बदलतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. वाऱ्याबरोबर येणाऱ्या त्या पावसाच्या झोताला झड म्हणतात आणि त्याला अडवण्यासाठी घराच्या अंगाला बांधतात त्या गवताच्या आडोशालाही झड म्हणतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला मे महिन्यात घरांना अशा झडी चढवण्याची घाई दरवर्षी असते. घर अंगावर गवताची घोंगडी घेऊन चार महिने उभे राहते. भिंती पूर्वी कारवीच्या कुडाच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या विणून, वर शेणमातीचा लेप दिला की हलकी, लवचीक भिंत होते. गवळी धनगरांच्या वाड्या, पायथ्यापासून तास-दोन तास चढणीवरच्या, त्यांची तयारी तर निराळीच. ओढे भरले की वाट बंद, म्हणून मीठ, तेल, काडेपेटी, धान्य, औषध आणि गुरांचा चारा हे सगळे आधीच वर नेऊन ठेवायचे. सरपण पडवीत छतापर्यंत रचायचे. बाळंतपणाची वेळ जवळ आलेली बाई आधीच खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवायची. ही शेवटची गोष्ट मला एका वाडीत सांगितली गेली तेव्हा समजले, की घर सज्ज करणे म्हणजे केवळ छप्पर नव्हे. विषयावर पुष्कळ वाचूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते.

कोकणाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. गावच्या कुंभाराने घडवलेले नळे आधी होते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि सपाट खाचेची मंगलोरी कौले किनाऱ्याने वर सरकत रत्नागिरी-रायगडापर्यंत पोचली. नळ्यांची दरवर्षी परतणी लागे. मंगलोरी कौलांची कमी वेळा लागते, पण वानरांनी फोडलेले कौल मे महिन्यात बदलले नाही तर पुढे आढ्यापासून वासा कुजत येतो. शाकारणी, माटव उतरवणे, नारळाच्या झापांचा आडोसा, सुकी मासळी, आमसुले, पोह्यांचे भात हे सारे आगोटीचेच. सातपुड्यातील भिल्ल-पावरा घरे आणि मेळघाटातील कोरकू घरे यांवर या संग्रहात दोनच लेख आहेत. त्या मुलखावर लिहायचा अधिकार तिथल्या लेखकांचा आहे आणि ते लिहू लागले आहेत.

या विषयाकडे पाहणारे विचारप्रवाह बरेच आहेत आणि ते एकमेकांशी क्वचितच बोलतात. पहिला प्रवाह लिखित नोंदींचा, त्याची सुरुवात सरकारी माहितीपासून. १८८४ मध्ये निघालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथली घरे, त्यांचे साहित्य आणि खर्च आढळतात. इंग्रज अधिकाऱ्याला घर ही मोजण्याची वस्तू होती. घरावर दरवर्षी कोण चढते, हा प्रश्न त्या पानांवर नाही. तो प्रश्न त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा'ने, वेगळ्या हेतूने का होईना, उभा केला. सुतार, कुंभार, मांग, महार यांच्या कामावर गाव कसे चालते आणि त्यात कोणाचे काय जाते, हे त्याने मांडले. माळवदाचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही. तुळई बसवणारा सुतार बलुत्यावर काम करी. माती वाहणाऱ्या आणि दोर वळणाऱ्या हातांना मोबदला कित्येकदा भाकरीचा, आणि ज्या वस्तीतून ते हात येत, तिथल्या घरांवर पांढरीचा जाड थर नसेच. तिथे पाचटाचे छप्पर असे.

दुसरा प्रवाह गांधींपासून सुरू होतो. १९३६ मध्ये सेवाग्रामला घर बांधताना आसपास मिळणारे साहित्य आणि पाचशे रुपयांची मर्यादा, अशी अट त्यांनी घातली. पुढे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरांवर प्रयोग केले. याच प्रवाहातील वास्तुकार लॉरी बेकर यांचे नाव आपण केरळशी जोडतो. पण ते त्याआधी दीड दशक पिठोरागडला, हिमालयात, राहिले होते. दगड, लाकूड आणि उतार यांच्याशी तिथल्या माणसांनी केलेली तडजोड पाहून आपण बांधकाम शिकलो, असे ते मानत. या प्रवाहाचा मी ऋणी आहे. त्याच्याविषयी एक तक्रारही आहे. त्याने स्थानिक घर सुंदर कसे, स्वस्त कसे, हे शिकवले. ते दरवर्षी कोणाच्या पाठीवर उभे राहते, याबद्दल तो फार बोलला नाही.

तिसरा प्रवाह अभियंत्यांचा आणि शासनाचा. त्याचा मुख्य शब्द 'पक्के'. १९८५ ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांनी लाखो कुटुंबांना गळक्या छपरातून बाहेर काढले, हे नाकारणारा माणूस कधी गळक्या छपराखाली झोपलेला नसावा. पण पंचनाम्याच्या कागदावर घराचे दोनच प्रकार उरले, कच्चे आणि पक्के. ज्या माळवदाने शंभर पावसाळे काढले ते कच्चे आणि ज्या स्लॅबला ढाळ नाही तो पक्का. शब्दाने एवढे केले, की पोरे घराची काळजी घेण्यालाच मागासपणा समजू लागली.

माळवदाची बाजू घेणाऱ्याला किल्लारीच्या भूकंपासमोर मात्र थांबावे लागते आणि मी इथे मुद्दाम थांबतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. सरकारी आकड्यांनुसारही साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. करकंबपर्यंत भांडी वाजली. ती माणसे भूकंपाने मेली, असे म्हणणे अपुरे आहे. ती स्वतःच्या घराखाली मेली. दगड-मातीच्या जाड भिंती दोन थरांच्या, मधे खडी आणि माती. आतला थर बाहेरच्याला बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. भिंती पोट फुगून दोन्ही बाजूंना पडल्या आणि वरून माळवदाची माती आली.

त्या मातीचे वजन किती होते? दहा फुटी चौरस खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. कित्येक घरांवर ती दीड-दोन फूट होती. इतकी का, याचे उत्तर माझ्या मनात वर्षानुवर्षे सलते आहे. दरवर्षी वैशाखात शिडी लागे, दरवर्षी नवी पांढरी चढे आणि जुनी खरडून खाली टाकायचे काम होत नसे. ते काम कष्टाचे, खाली टाकलेली माती उचलायची कोणी, म्हणून 'असू दे, वरून एक थर दे' असे पिढ्यानपिढ्या झाले. गळती थांबे. घराची काळजी घेणारा प्रत्येक हात घर थोडे अधिक जड करत होता. ज्या घरांत भिंतींच्या आत लाकडी खणांचा सांगाडा मजबूत होता तिथे भिंती बाहेर पडल्या तरी छत खांबांवर टिकले आणि माणसे वाचली, हेही त्या पहाटेने दाखवले. नंतरच्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी उठली, आणि बाकीच्या गावांतील घरे बळकट करण्यासाठी ज्या सूचना अभियंत्यांनी दिल्या त्यात जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका आधार द्या, भिंतीला वरून पट्टा बांधा, हे होते. जुन्या सुतारांना यातली निम्मी गोष्ट माहीत होती. दोन्ही ज्ञाने एका माळवदावर भेटायला हजारो माणसांचे मरण लागले. म्हणून परंपरा जशीच्या तशी परत आणा, असे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही.

आता हा विषय का घ्यावा लागला, हे सांगतो. हवेची चाल बदलली आहे आणि आपली घरे दुसऱ्याच दिशेने बदलली आहेत. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने आमच्या भागातील द्राक्षबागा झोपवल्या आणि सिमेंटचे पत्रे फोडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा शाकारून नुकतीच तयार झालेली छपरे उडाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला पंढरपुरात अतिवृष्टी झाली आणि चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत कोसळून आडोशाला थांबलेल्या सहा जणांचा जीव गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा-मोहोळ भागातील गावांत ज्या उंचीचे पाणी आणले, ते तिथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिले नव्हते. लडाखचेही तसेच. पाऊस जवळजवळ नसलेल्या त्या मुलखात ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली आणि बर्फासाठी बांधलेली मातीची छपरे पावसापुढे उभी राहू शकली नाहीत.

माळवद गेले तिथे गरिबाघरी बहुतेक ठिकाणी स्लॅब आला नाही, पत्रा आला. पत्र्याचा शत्रू पाऊस नाही, वारा आहे. वळवाची वावटळ पाख्याखाली शिरते आणि पत्र्याला खालून उचलते. लोक वर दगड ठेवतात. पत्रा उडाला की तेच दगड शेजारच्या अंगणात पडतात, दरवर्षी त्याने कोणी ना कोणी जखमी होते. पत्र्याला खालच्या अँगलशी बांधणारे हूक-बोल्ट, वायसर, कडेच्या पट्ट्या आणि भिंतीत पुरलेला आधार यांचा खर्च एका लग्नातील मंडपापेक्षा कमी असतो. हे सांगणारा माणूस गावात नसतो, कारण पत्रा बसवणारा तालुक्याहून येतो आणि दुपारी निघून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आज विजेची सूचना मोबाइलवर देते. सूचना मिळाल्यावर पत्र्याच्या घरातील माणसाने कुठे जायचे, हे ॲपला सांगता येत नाही.

एक कबुली इथेच देतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. डोंगर खाली आला तेव्हा कुणाच्या झडी चांगल्या बांधल्या होत्या, याला काही अर्थ उरला नाही. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा जागी सज्जतेचा अर्थ एकच, वेळेत घर सोडणे. त्यासाठी जमिनीच्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, तिरकी झालेली झाडे ओळखता यावी लागतात आणि जायला जागा असावी लागते. या संग्रहातील सर्वांत लांब लेख त्यावर आहे. तो पुस्तकात कुठे ठेवावा, यावर आमच्यात वाद झाला. मी तो सुरुवातीलाच ठेवला आहे, कारण घराच्या प्रेमात पडण्याआधी वाचकाने तो वाचावा.

आणि एक घर असे आहे ज्याची नोंद कुठल्याच प्रवाहात नीट नाही. दिवाळीनंतर करकंबच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेली कुटुंबे बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या या घरांत ऐन थंडीचे चार-पाच महिने काढतात. ओली जमीन, पहाटेचे दव, लहान लेकरे, बैल आणि मधेच कोसळणारा अवकाळी. हिवाळ्यासाठी घर सज्ज करणे हा विषय माझ्या गावात खऱ्या अर्थाने लागू होतो तो त्यांना. कोपीचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, भोवती चर, तळाशी पाचटाचा जाड थर आणि त्यावर कागद, चूल बाहेर पण आडोशाला, ही त्यांची विद्या आमच्या बांधावर आमच्याच डोळ्यांसमोर होती आणि मी ती चाळिशी उलटेपर्यंत पाहिली नाही. त्यांनी सांगितलेले आम्ही त्यांच्याच शब्दांत छापले आहे.

यापुढील पाने कशी वाचावीत, याबद्दल थोडे. हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ नाही आणि जुन्या घरांचे स्मरणरंजनही नाही. लेखकांत सुतार आहेत, गवंडी आहेत, दोन अभियंते आहेत, शाळामास्तर आहेत आणि ज्यांनी आयुष्यभर भिंती लिंपल्या अशा बाया आहेत. त्यांनी सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतले. लिंपणे, सारवणे, कणग्यांना लेप देणे, शेणकुटांची कलवड रचून तिच्यावर शेणमातीचे कवच चढवणे हे सगळे बायांचे काम. छपरावर चढणाऱ्या पुरुषाचे नाव मिस्त्री पडले, यांचे काहीच पडले नाही. त्यामुळे जिथे मोजमाप हवे तिथे त्यांची मापे, म्हणजे मूठ, पाटी, वीत, आम्ही तशीच ठेवली आहेत आणि शेजारी लिटर-किलो दिले आहेत. जिथे जुनी रीत धोक्याची आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. जिथे दोन मिस्त्रींची मते जुळत नाहीत तिथे दोन्ही छापली आहेत. माळवदाच्या चिखलात मीठ घालावे की नाही, हा वाद अजून चालू आहे आणि तो मिटवण्याचा अधिकार मला नाही.

शहरातल्या वाचकाला, परदेशात बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही यात काही सापडेल. तिथे पानगळीत पन्हाळी साफ करतात, नळ गोठू नये म्हणून पाइप गुंडाळतात. इथल्या वैशाखाची तिथे कार्तिकात वेळ येते एवढेच. पण हे पुस्तक आधी ज्यांच्यासाठी आहे ते इथले आहेत. घरकुलाचा हप्ता मिळाला आहे, उद्या गवंडी येणार आहे आणि ढाळ कुठे द्यायचा हे ज्यांना आज रात्रीच ठरवायचे आहे, त्यांनी प्रस्तावना सोडून थेट चौथ्या प्रकरणाकडे जावे.

आमच्या घराच्या एका कोपऱ्यात दोन खणांचे माळवद मी पाडू दिले नाही. गेल्या वैशाखात त्याच्यावरून अठ्ठावीस पाट्या जुनी माती खाली उतरवली आणि अकरा पाट्या नवी चढवली. परतीचा पाऊस झाला, एका जागी ओल आली. पन्हाळीजवळच, डाव्या अंगाला. यंदा तिथून सुरुवात करायची आहे.

करकंब, ता. पंढरपूर
अक्षय्य तृतीया